हात खिशात ठेवून निवडलेली बंदूक

गेलन वर्ट्झने बंदूक निवडायला दोन वर्षं आणि एक महिना घेतला. त्याआधी फ्रिज निवडायला त्याने चार वर्षं घेतली होती, त्यामुळे सुरुवातीला कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दर शनिवारी सकाळी साडेनऊला तो नेव्हिनच्या दुकानात यायचा. नेव्हिनकडे मासे धरायचे गळ, जिवंत अळ्या, कुत्र्यांचं खाणं, रबरी बूट आणि मागच्या भिंतीवर बंदुका, असं सगळं एका छपराखाली मिळतं. गेलन दारात बूट पुसायचा, नेव्हिनच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि मग मागच्या काउंटरपाशी जाऊन दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा राहायचा.

"ती डावीकडून तिसरी जरा काढतोस?"

नेव्हिन काढायचा, आत गोळी नाही याची खात्री करून घ्यायचा आणि काउंटरवर आडवी ठेवायचा.

"उलटी कर. हं. आता दस्ता मागेपुढे होतो का बघू."

"होतो. सहा घरं आहेत. अरे लेका, हातात तरी घे. चावत नाही ती."

"तू धर. मला असंच नीट दिसतं."

दोन वर्षांत ते हात खिशातून बाहेर आले नाहीत. दुसऱ्याच्या मालाला उगाच हात लावायचा नाही, ही वर्ट्झ मंडळींची शिस्त, असं लोक म्हणायचे. काहीजण आपल्या मुलांना त्याचा दाखला द्यायचे.

गेलन आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपंचायतीच्या, रस्ते खात्यात सदतीस वर्षं होता. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. बर्फ ढकलणारे रस्त्याकडेच्या टपालपेट्या उडवतात, हे आमच्याकडे धरूनच चालतात. गेलनने सदतीस वर्षांत एक पेटी उडवली, आणि ती त्याची स्वतःची. उंच, जरासा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या बोलण्याचा शेवट होऊ देणारा. तो एखादी गोष्ट करायला घेतो तेव्हा ती पूर्ण होते, फक्त कधी होईल ते विचारायचं नसतं.

त्याच्याबद्दल एकच गोष्ट लोकांना कळत नसे. तो शिकारीला जात नाही. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात हरणांचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, कारण वर्गात कोणी येणारच नसतं. मी शिकवत होते तेव्हा शिक्षकही येत नसत. त्या सोमवारी गावातल्या खाणावळीत दोनच पुरुष सापडायचे, पास्टर आणि गेलन. "मला मासे बरे वाटतात," एवढंच तो सांगायचा. लोकांना त्याची दया यायची. डिसेंबरात त्याच्या दारात कोणी ना कोणी हरणाच्या मांसाचं पुडकं ठेवून जायचं.

बंदूक हवी होती ती आर्डिथला, त्याच्या बायकोला. वर्ट्झांचं घर दरीच्या टोकाला आहे, त्यापुढे रस्ता नाही. मागच्याच्या मागच्या वसंतात त्यांच्याखालच्या घराची कडी कोणीतरी उचकटली आणि टीव्ही, कुऱ्हाड आणि अर्धा केक नेला. पोलिसांना यायला चाळीस मिनिटं लागली. आर्डिथ त्या घरच्या बाईसोबत पायरीवर बसून होती आणि तिने घड्याळ पाहिलं होतं.

"मला काही रणगाडा नको," ती गेलनला म्हणाली. "पहिल्यांदा घेणाऱ्याला झेपेल अशी साधी सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की एक गोळी सुटावी, पुढची आपली आपण चढावी. मध्येच खटपट करायला माझी बोटं आता चालत नाहीत. रविवारी नातीला घेऊन मागच्या बांधावर डबे उडवू, आणि कोणी आलंच तर घरात काहीतरी असू दे. बघ जरा."

"बघतो," गेलन म्हणाला.

आणि तो बघायला लागला. आधी पॉइंट टू-टू बोअरची बघितली. हलकी, धक्का नाही, गोळ्या स्वस्त, डब्यांसाठी उत्तम. पण घराच्या रक्षणाला एवढीशी गोळी पुरेल का, यावर त्याने चार महिने घालवले. मग पिस्तुलाच्या गोळ्या घेणारी आखूड रायफल. ती अंधाऱ्या बोळातून वळवायला सोपी, पण हाताला जरा जड. मग ती काळी, जी सगळ्यांकडे असते. तिचे सुटे भाग कुठेही मिळतात, दस्ता लहानमोठा करता येतो. पण बंद खोलीत तिचा आवाज कानाला किती बाधतो आणि गोळी किती भिंती पार करते, हे तपासायला हवं होतं. भिंती तपासण्यासाठी त्याने स्वतःच्या घराचा नकाशा काढला. खोल्या मापून काढला. तो नकाशा इतका नीट होता की विमा कंपनीच्या माणसाने त्याची प्रत मागून घेतली.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत अशी परिस्थिती आली की नेव्हिनकडे पहिली बंदूक घ्यायला कोणी आलं की तो सांगायचा, "शनिवारी या. गेलन असतो." लोक शनिवारी यायचे. गेलन खिशात हात घालून त्यांना विचारायचा, डबे उडवणार की घरात ठेवणार, घरात लहान मुलं आहेत का, कुलुपाचं कपाट आहे का, बाईंचा हात किती लांब आहे. "जी घ्याल तिच्या गोळ्या नेव्हिनकडे बाराही महिने मिळतात ना ते आधी बघा. आणि जी साफ करायचा कंटाळा येईल ती घेऊ नका." अकरा जणांनी त्याच्या सल्ल्याने बंदुका घेतल्या. अकराही जण समाधानी आहेत. स्वतः गेलनने आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती.

त्याचं कारण या टाउनशिपमध्ये दोघांनाच माहीत होतं. एक गेलन आणि दुसरी मी.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात, आम्ही एकोणीस वर्षांचे असताना, शेजारच्या काउंटीत, म्हणजे पलीकडच्या जिल्ह्यात, एका आइस्क्रीमच्या दुकानासमोर फायबरची एक गाय उभी होती. खऱ्या गाईएवढी. शुक्रवारी त्यांच्या शाळेशी फुटबॉलचा सामना होता, आणि सकाळी ती गाय आपल्या मैदानाच्या मधोमध उभी असावी, असं आम्हा तिघांना वाटलं. गेलन, त्याचा चुलतभाऊ रॉय आणि मी. ट्रक रॉयच्या वडिलांचा, चालवायला मी. गाय चार बोल्टांनी काँक्रीटला बसवलेली होती. रॉय म्हणाला, पहार लावून उपटू. गेलन म्हणाला, नाही, उद्या त्यांना परत बसवावी लागेल. त्याने एकेक बोल्ट सोडवला, त्याची वायसर काढली आणि कोणता बोल्ट कुठल्या पायाचा ते कळावं म्हणून आपल्या टोपीत क्रमाने मांडला. चौथ्या पायाशी असताना दुकानदाराच्या घरातला दिवा लागला. रॉय ट्रकमध्ये उडी मारून बसला आणि मी ट्रक पळवला. गेलन टोपी सांभाळत उभा होता. बोल्ट सांडले असते.

त्याने आमची नावं सांगितली नाहीत. त्याला दंड झाला आणि सहा महिने दर पंधरा दिवसांनी एका अधिकाऱ्यासमोर हजेरी द्यावी लागली. आमच्या साप्ताहिकात बातमी आली, पण त्यांनी त्याचं नाव 'ग्लेन वर्थ' असं छापलं. त्या चुकीबद्दल गेलन आजतागायत त्या साप्ताहिकाची वर्गणी भरतो. मी शिक्षिका झाले, चौतीस वर्षं सहावीला भाषा शिकवली. त्या बातमीत माझं नाव असतं तर मला वर्गात कोणी उभं केलं नसतं.

एकविसाव्या वर्षी गेलन हरणांच्या हंगामासाठी रायफल घ्यायला गेला होता. आमच्याकडे दुकानातून बंदूक घेताना केंद्र सरकारचा एक अर्ज भरावा लागतो. खोटं लिहिलं तर तोच वेगळा गुन्हा. त्यात एक प्रश्न आहे. ज्या गुन्ह्यासाठी न्यायाधीश तुम्हाला एक वर्षाहून जास्त काळ तुरुंगात पाठवू शकले असते, अशा गुन्ह्यात तुम्ही कधी दोषी ठरला आहात का? प्रत्यक्षात शिक्षा कमी झाली असली, तरीही. गेलनने तो प्रश्न दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं, पाकीट गाडीत राहिलं म्हणून सांगितलं आणि घरी निघून आला. तेव्हापासून त्याला मासे बरे वाटतात.

'हो' लिहिलं तर बंदूक मिळणार नाही आणि गावाला कळणार. 'नाही' लिहिलं आणि ते खोटं निघालं तर तुरुंग. शिवाय अशा माणसाने दुसऱ्याची बंदूकही हाताळायची नसते, म्हणून हात खिशात. आर्डिथला त्याने लग्नाआधी सांगितलं नाही, आणि लग्नानंतर कोणत्या दिवशी सांगावं हे चाळीस वर्षांत ठरलं नाही. निवडत राहणं तेवढं शक्य होतं. निवडण्यासाठी अर्ज भरावा लागत नाही.

एका मंगळवारी संध्याकाळी आर्डिथने जेवणाच्या टेबलावरचे त्याचे बंदुकांच्या तुलनेचे तक्ते गोळा केले, त्यांची चळत केली आणि तिच्यावर बटाट्याचं भांडं ठेवलं.

"शनिवारी मी स्वतः जाते," ती म्हणाली. "माझ्या नावावर घेते. नेव्हिन जी देईल ती."

"अजून एक बघायची राहिली आहे."

"गेलन, मी छप्पन्न ते साठ या वयात फ्रिजविना राहिले. बर्फ घालून दूध ठेवलं. आता बास."

तिच्या नावावर घेतलेली बंदूक त्याच्या स्वयंपाकघरात आली की सकाळचा नाश्ता करतानाच गेलन गुन्हेगार ठरणार होता. एका घरात राहायचं आणि बंदुकीपर्यंत हात पोचतो, एवढं पुरेसं असतं. म्हणजे शनिवारच्या आत त्याला आर्डिथला सांगणं भाग होतं. किंवा सांगण्यासारखं काही नाही, अशी खात्री करून घेणं.

बुधवारी सकाळी तो माझ्याकडे आला. बूट पुसले, बसला, कॉफी घेतली. खिशातून एक कागद काढला. अर्जातला तो प्रश्न त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवून आणला होता.

"लिओना, तू भाषा शिकवलीस. 'पाठवू शकले असते' म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे पाठवलं नाही."

"ते मला ठाऊक आहे. मी घरीच होतो."

"पाठवायचं म्हटलं असतं तर पाठवता आलं असतं."

"तेच तर." तो पुढे सरकला. "पंचेचाळीस वर्षं मी तेच आठवतोय. त्या न्यायाधीशाचा चेहरा. दंड सांगताना तो जरासा हसला होता, लिओना. आणि त्याआधी शिंकला होता. हसणारा माणूस काही वर्षभरासाठी आत पाठवणार नाही, असं मला एका बाजूने वाटतं. पण शिंकल्यावर तो वैतागलेला दिसला. आता तो वारला. विचारणार कोणाला?"

मी कप खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षं हा माणूस एका मेलेल्या न्यायाधीशाच्या मनःस्थितीचा अभ्यास करत होता.

"गेलन, त्याच्या मनात काय होतं ते विचारत नाहीयेत ते. कायद्याच्या पुस्तकात काय होतं ते विचारतायत. त्या गुन्ह्याला पुस्तकात जास्तीत जास्त किती शिक्षा लिहिली आहे, एवढंच."

"मग तो हसला त्याचा काही उपयोग नाही?"

"काही नाही."

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. सहावीत एखाद्या मुलाला वाक्याचा अर्थ उशिरा लागायचा, तेव्हा तो असाच बघायचा.

"हे मला तू आधी सांगितलं असतंस तर," तो म्हणाला.

"तू आधी विचारलं असतंस तर."

"दोन्ही संकेतार्थ," गेलन म्हणाला. त्याने आर्डिथबरोबर आपल्या मुलीची सहावीची वही तपासली होती. त्याला सगळं आठवतं.

गुरुवारी आम्ही शेजारच्या काउंटीच्या कोर्टात गेलो. तिथल्या बाईने तळघरातून कागद काढून आणला. धुळीने तिला शिंक आली, तेव्हा गेलनने सवयीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कागदावर गाईची किंमत लिहिली होती, बोल्टांची संख्या लिहिली होती आणि खाली गुन्ह्याची वर्गवारी: पहिल्या दर्जाचा. जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं.

"पहिला दर्जा," गेलन म्हणाला. "शाळेत तर कधी मिळाला नाही."

त्या बाईने विचारलं नसताना सांगितलं की राज्यपालांकडे माफीचा अर्ज करता येतो. तीन-चार वर्षं लागतात, आधी एक मंडळ सुनावणी घेतं. पण लोकांना माफी मिळते. तिने अर्ज दिला. घडलेला प्रकार स्वतःच्या शब्दांत लिहा, असं त्यात एक रिकामं पान होतं. गेलनने विचारलं, जादा पानं जोडली तर चालतील का.

 परतताना मला घरापाशी सोडलं तेव्हा तो म्हणाला, "आज जेवताना सांगतो." मी विचारलं, मी येऊ का. तो म्हणाला, "नको. तू आलीस तर तिला वाटेल, आणखी काहीतरी आहे."

शुक्रवारी कोणाचा फोन आला नाही. शनिवारी सकाळी आर्डिथने फोन करून सांगितलं, मला दुकानात ने. सव्वानऊला मी तिला घ्यायला गेले, तेव्हा ती पर्स घेऊन दारात उभी होती. तिची गाडी गेलन पुसत होता. ती स्वच्छच होती.

दरी संपेपर्यंत आर्डिथ खिडकीतून बाहेर बघत होती. पुलावर आलो तेव्हा बोलायला लागली.

"बोल्टांपासून सुरुवात केली त्याने. कुठल्या मापाचे होते इथपासून. मला वाटलं, बंदुकीबद्दलच काहीतरी आहे. मी भात वाढून घेतला. अर्ध्या तासाने कळलं की माझा नवरा चोर आहे."

"एका गाईपुरता."

"मला गाईचं काही नाही गं. पण दर नोव्हेंबरात मी लोकांना सांगत आले की गेलन फार हळव्या मनाचा, त्याला रक्त बघवत नाही. पास्टरच्या बायकोला सांगितलं. तिने ते प्रार्थनेत घातलं! चाळीस वर्षं मी एका भलत्याच माणसाची तारीफ करत होते." तिने पर्सचा बंद उघडला आणि परत लावला. "दोन दिवस मी शिवणाच्या खोलीत झोपतेय. कॉट आखूड आहे. म्हणून आणखी राग येतो."

"मग आज कशाला जातेयस?"

"मी शनिवारी जाईन म्हटलं होतं."

थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "बाकीचे दोघे कोण होते? तो सांगत नाही. म्हणतो, त्याची गरज नाही."

"एक रॉय," मी म्हणाले. "तो गेला, त्याला सहा वर्षं झाली. दुसरी ही गाडी चालवतेय."

आर्डिथने माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली. धान्याची कोठी गेली, चर्च गेलं, पेट्रोल पंप गेला.  मला बोलण्यासारखं जे होतं ते सेहेचाळीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "मग बंदूक तुझ्याकडे राहील."

"माझ्याकडे?"

"आमच्या घरात ठेवता येत नाही. गोळ्यासुद्धा नाही. तुझ्या नवऱ्याचं कुलुपाचं कपाट रिकामंच आहे ना? तू तेव्हा ट्रक घेऊन गेलीस, आता एवढं ठेवून घे."

नेव्हिनच्या दुकानात त्या दिवशी सहा-सात माणसं होती. गेलन नाही हे बघून ती जरा चुळबुळत होती. नेव्हिन माझ्या पहिल्याच वर्गातला विद्यार्थी. मला बघून त्याने टोपी काढली.

"बाई! गेलन कुठाय? बरं नाही का?"

"गाडी पुसतोय," आर्डिथ म्हणाली. "मला साधी, हलकी सेमी-ऑटोमॅटिक दाखव. डबे उडवायला, आणि कोणी आलं तर."

नेव्हिनने भिंतीवरून पॉइंट टू-टूची एक रायफल काढली. आर्डिथने ती हातात घेतली, खांद्याला लावून बघितली, जड नाही ना ते बघितलं, खटका दोनदा मागेपुढे केला.

"ही दे."

"आर्डिथ, ही गेलनने पहिल्याच महिन्यात बाद केली होती," नेव्हिन हळूच म्हणाला. "चोर अंगावर आला तर हिचा जोर—"

"ज्याने अर्धा केक नेला त्याला हिचा जोर पुरेल. अर्ज आण."

अर्ज आला. आर्डिथ चष्मा लावून भरायला बसली. त्या प्रश्नापाशी तिचं पेन थांबलेलं मी पाहिलं. तिने तो वाचला, मग पुन्हा वाचला, 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेली. काउंटीच्या रकान्यात मात्र तिने देशाचं नाव लिहिलं. आमच्या भाषेत 'काउंटी' आणि 'कंट्री' या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे.

"नवा कागद आणतो," नेव्हिन म्हणाला. "निम्मी गिऱ्हाइकं हेच लिहितात."

"या निम्म्या गिऱ्हाइकांना सहावीला शिकवायला कोण होतं?" मागून कोणीतरी विचारलं.

"मीच," मी म्हणाले. दुकानात हसू पिकलं आणि आर्डिथही हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा, पण लगेच तिला आठवलं आणि तिने तोंड मिटलं.

राज्य पोलिसांना फोन लावून नेव्हिनने तिची माहिती सांगितली. होकार यायला सहा मिनिटं लागली. दुकानात शिरल्यापासून पावती हातात पडेपर्यंत पस्तीस मिनिटं झाली, त्यातली दहा त्या रकान्यामुळे. निघताना नेव्हिनने विचारलं, "गेलन पुढच्या शनिवारी येईल ना? दोघं जण त्याचा सल्ला घ्यायला यायचेत." आर्डिथ म्हणाली, "येईल. त्याला दुसरं काय काम आहे?"

रायफल आम्ही माझ्या नवऱ्याच्या कपाटात ठेवली, गोळ्या वेगळ्या खणात, आणि किल्ली आर्डिथने गळ्यातल्या साखळीला लावली. मग ती म्हणाली, चल जेवायला. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "चल म्हणते ना. एकटी त्याच्यासमोर बसले तर मी परत चिडेन."

गेलनने डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी शिजवली होती. त्याने तीन पानं वाढली होती, म्हणजे मी येणार हे त्याने ताडलं होतं.  जेवताना आर्डिथने एवढंच सांगितलं की घेतली, टू-टू घेतली, लिओनाकडे आहे. गेलनने घास गिळला.

"पिवळ्या दस्त्याची?"

"हो."

"ती चांगली आहे."

"तू बाद केली होतीस म्हणे."

"काहीतरी बाद करायला हवं होतं," गेलन म्हणाला.

मग त्याने विचारलं की कोणी घरात शिरलं तर काय करायचं. आर्डिथने यावर विचार केलेला होता. "लिओनाला फोन करायचा. पोलिसांना चाळीस मिनिटं लागतात, ती अकरा मिनिटांत येते. आज मोजली." मी म्हणाले, मी सहासष्ट वर्षांची आहे. ती म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षी तू फार जोरात चालवलीस असं ऐकलं."

भांडी उचलल्यावर गेलनने खणातून माफीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. 'स्वतःच्या शब्दांत' लिहायच्या एका पानाची आतापर्यंत चार झाली होती. त्याने ती आर्डिथकडे सरकवली नाही, फक्त तिच्या हाताला लागतील अशी ठेवली. ती थोडा वेळ टेबलक्लॉथ सारखा करत राहिली. मग चष्मा लावला आणि वाचायला घेतली. गेलन उभाच होता. ती सावकाश वाचते. एक पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर तिने पेन उचललं, कुठेतरी एक स्वल्पविराम घातला. चौथं पान संपल्यावर ते उलटं करून मागे काही आहे का बघितलं.

"चार पानं झाली आणि तू अजून तिसऱ्या पायाच्या बोल्टापाशी आहेस," ती म्हणाली.

"पुढचं उद्या लिहिणार आहे."

"मंडळावरची माणसं हे वाचणार. त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी यायला नको का?" तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "गाय कोणत्या रंगाची होती?"

गेलनने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.

"तपकिरी," तो म्हणाला. "पोटाखाली पांढरी. आणि डाव्या कानाचा रंग उडाला होता, तो आधीपासूनच."

"मग ते लिही," आर्डिथ म्हणाली, आणि पान त्याच्यापुढे सरकवलं.